शर्यतीपूर्वीची प्रार्थना : वेग, व्यापार आणि जाहीर श्रद्धा

फेब्रुवारीच्या मध्यास, एका रविवारी, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच या नगरीत मोटारशर्यतींचा मोठा मेळा भरतो. एक लाखाहून अधिक आसनांचे प्रेक्षागार, अडीच मैलांचा बंदिस्त मार्ग, वळणांवर एकतीस अंशांचा तीव्र चढ आणि त्यावर ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने एकमेकींना जवळजवळ चिकटून धावणाऱ्या चाळीसएक गाड्या, असे त्याचे स्वरूप असते. परंतु इंजिने सुरू होण्यापूर्वी या विशाल मैदानात काही क्षण शांतता पसरते. प्रेक्षक टोप्या काढून हातात घेतात, चालक आणि तंत्रज्ञ आपापल्या गाडीजवळ मान लववून उभे राहतात आणि एक धर्मोपदेशक ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना म्हणतो. त्यानंतर राष्ट्रगीत होते आणि मगच इंजिने सुरू करण्याची आज्ञा मिळते. ही प्रार्थना दूरचित्रवाणीवरून देशभर प्रक्षेपित होते. अमेरिकेतील अन्य बहुतेक मोठ्या व्यावसायिक क्रीडास्पर्धांत अशी नियमित प्रथा आढळत नाही.

या खेळाचे नाव स्टॉक कार रेसिंग आणि त्याचे नियंत्रण करणारी संस्था म्हणजे नॅसकार. तिचे चाहते ज्या विषयांवर वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घालतात, त्यांतील एक विषय इंजिनाचा नाही, टायरचाही नाही. खेळाडूने आपली श्रद्धा चारचौघांत किती आणि कशी प्रकट करावी, हा तो विषय आहे. विजेत्याने प्रथम देवाचे आभार मानावेत काय? गाडीच्या बॉनेटवर येशूचे नाव रंगवावे काय? जो ओठांनी देवाचे नाव घेतो आणि चाकाने शेजाऱ्याला धडक देतो, त्याच्या श्रद्धेला काय म्हणावे? हे प्रश्न दूरदेशीचे असले, तरी ज्यांच्या घरी व्यापार आणि धर्म एकाच उंबरठ्याच्या आत नांदतात, त्यांना ते परके वाटू नयेत.

दोन परस्परविरोधी मुळे

नॅसकारची स्थापना १९४८ साली बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने झाली. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात विक्रीस असलेली, सर्वसामान्य माणसाच्या वापरातील गाडी. आजच्या शर्यतीच्या गाड्या अर्थात खास बांधलेल्या असतात. पण सुरुवातीस त्या खरोखरच रस्त्यावरच्या गाड्या असत. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. दक्षिणेतील ॲपलाचियन डोंगराळ भागात चोरून दारू गाळली जाई आणि ती रातोरात शहरांत पोहोचवणारे तरुण पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी आपल्या गाड्यांची इंजिने अधिक शक्तिमान करून घेत. बंदी उठल्यावरही कर चुकवून दारू वाहण्याचा हा धंदा चालूच राहिला. आठवडाभर अंधारात गाडी हाकणारे हे चालक सुट्टीच्या दिवशी मातीच्या मैदानांवर एकमेकांशी शर्यती लावू लागले. पुढे पन्नास शर्यती जिंकणारे ज्युनियर जॉन्सन हे याच परंपरेतील. वडिलांच्या दारूच्या भट्टीवर पकडले गेल्यामुळे त्यांनी अकरा महिने तुरुंगवास भोगला आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली.

हाच दक्षिणेचा प्रदेश अमेरिकेचा ‘बायबल पट्टा’ म्हणून ओळखला जातो. तेथे रविवारचे चर्च हे जीवनाचे केंद्र. म्हणजे या खेळाचे एक मूळ दारूच्या भट्टीत आणि दुसरे चर्चच्या अंगणात आहे. दारू गाळणारा बाप आणि रविवारी मुलांना चर्चमध्ये नेणारी आई ही दोन्ही माणसे एकाच घरात असत. नॅसकारमधील श्रद्धेच्या प्रकटीकरणात जी विसंगती बाहेरच्या माणसाला खटकते, तिचा उगम येथे आहे. चाहत्यांपैकी जे म्हणतात की प्रार्थना हा या खेळाचा जन्मजात भाग आहे, ते खोटे बोलत नाहीत. आणि जे म्हणतात की हा खेळ कधीच सोवळ्यातला नव्हता, तेही खोटे बोलत नाहीत.

डॅशबोर्डवरचे वचन

श्रद्धा येथे इतकी दृढ का झाली, याचे उत्तर मृत्यूच्या सान्निध्यात आहे. सुमारे दीड हजार किलो वजनाची गाडी त्या वेगाने काँक्रीटच्या भिंतीवर आदळली, तर काय होते हे प्रत्येक चालकाच्या पत्नीला ठाऊक असते. शिवाय शर्यती बहुधा रविवारी असतात आणि वर्षाचे छत्तीसहून अधिक आठवडे ही कुटुंबे गावोगाव फिरत असतात. त्यामुळे त्यांना स्वतःच्या गावच्या चर्चमध्ये जाता येत नाही. या गरजेतून १९८८ साली मॅक्स हेल्टन या धर्मोपदेशकांनी ‘मोटर रेसिंग आउटरीच’ ही संस्था सुरू केली. तिचे धर्मोपदेशक शर्यतीच्या दिवशी मैदानातच छोटी उपासना घेतात, अपघात झाल्यास कुटुंबीयांसोबत रुग्णालयात थांबतात, विवाह लावतात आणि अंत्यविधीही करतात.

तीन वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले डॅरेल वॉलट्रिप यांच्या पत्नी स्टिव्ही वॉलट्रिप या आपल्या पतीच्या गाडीत बायबलमधील एखादे वचन कागदावर लिहून चिकटवीत असत. डेल अर्नहार्ट या प्रतिस्पर्ध्याने ते पाहिले आणि आपल्यासाठीही असेच वचन मागितले. अर्नहार्ट हे सात वेळा विजेतेपद मिळवलेले, मैदानावर अत्यंत आक्रमक म्हणून प्रसिद्ध असलेले चालक. समोरच्याला ढकलून वाट काढणाऱ्या या माणसाच्या गाडीत प्रत्येक शर्यतीपूर्वी एक पवित्र वचन चिकटवले जाई, हे पुष्कळ प्रेक्षकांना ठाऊकही नव्हते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे स्टिव्हींनी त्यांना ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील अठराव्या अध्यायाचे दहावे वचन दिले. ईश्वराचे नाम हे सज्जनाचे आश्रयस्थान आहे, असा त्याचा आशय. त्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर आदळली आणि त्यांचा अंत झाला. शर्यत जिंकली ती डॅरेल यांचे धाकटे बंधू मायकेल वॉलट्रिप यांनी. ४६३व्या शर्यतीत लाभलेला तो त्यांचा पहिला विजय होता आणि ते चालवीत होते अर्नहार्ट यांच्याच मालकीच्या संघाची गाडी.

त्या वचनाने अर्नहार्ट यांना वाचवले नाही, मग प्रार्थनेचा उपयोग काय, असे विचारणारे तेव्हाही होते. श्रद्धावंतांचे उत्तर असे की, वचन हे चिलखत म्हणून दिलेलेच नव्हते. जे घडेल त्याला सामोरे जाण्याचे बळ म्हणून दिले होते. या वादाचा निवाडा कोण करणार? परंतु पुढे जे घडले ते पाहण्याजोगे आहे. आदल्या वर्षी ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन चालक अपघातांत दगावले होते. त्यात अर्नहार्ट यांची भर पडली. ऑक्टोबर २००१ मध्ये मान आणि मस्तक सांभाळणारे ‘हॅन्स’सारखे उपकरण सक्तीचे झाले. २००२ पासून काँक्रीटच्या भिंतींपुढे आघात शोषून घेणारे ‘सेफर’ कठडे बसू लागले. अर्नहार्ट यांच्यानंतर नॅसकारच्या तिन्ही प्रमुख राष्ट्रीय मालिकांतील शर्यतींत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसांनी प्रार्थना चालू ठेवली आणि कठडेही बदलले.

बॉनेट ही विकाऊ जागा

नॅसकारची गाडी म्हणजे एक धावता जाहिरातफलक. संघाचा खर्च प्रायोजकांच्या पैशावर चालतो आणि बॉनेट ही त्यातील सर्वांत मौल्यवान जागा. सर्वोच्च मालिकेला १९७१ ते २००३ पर्यंत विन्स्टन या सिगारेटचे नाव होते. दुय्यम मालिका १९८४ ते २००७ पर्यंत बुश या बिअरच्या नावाने चालली. म्हणजे प्रार्थना संपताच जी गाडी धावू लागे, तिच्या अंगावर तंबाखू किंवा मद्य यांची नावे असणे अगदी सामान्य होते. व्यसनांचे नाव चालते, तर देवाचे का चालू नये, असा बिनतोड वाटणारा युक्तिवाद श्रद्धाळू चाहते करीत आले आहेत.

मॉर्गन शेपर्ड या वृद्ध चालकाने तो युक्तिवाद प्रत्यक्षात आणला. आपल्या छोट्या संघाच्या गाडीवर त्यांनी येशूचे नाव झळकवले आणि अत्यल्प साधनांवर वर्षानुवर्षे शर्यती केल्या. २०१४ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, ते सर्वोच्च मालिकेत उतरले. ते क्वचितच पुढे असत. पण त्यांच्याविषयी आदर बाळगणारे चाहते पुष्कळ. कारण उघड होते: त्या नावाच्या बदल्यात त्यांच्या हाती मोठी रक्कम पडत नव्हती.

२००४ सालचा प्रसंग निराळा. त्या वर्षीच्या डेटोना शर्यतीत बॉबी लाबाँट यांच्या गाडीच्या बॉनेटवर ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ या चित्रपटाची जाहिरात होती. दिग्दर्शक मेल गिब्सन यांचा हा चित्रपट दहाच दिवसांनी प्रदर्शित व्हायचा होता. गाडीचे नेहमीचे प्रायोजक इंटरस्टेट बॅटरीज आणि संघाचे मालक जो गिब्ज हे दोघेही उघडपणे धर्मनिष्ठ. काहींच्या दृष्टीने ती निर्मळ साक्ष होती. काहींना त्यात तिकीटविक्री दिसली. ज्यू समाजातील संघटनांनी चित्रपटातील ज्यूंच्या चित्रणावर आक्षेप घेतले होते, त्यामुळे एकाची भक्ती दुसऱ्याच्या जिव्हारी लागू शकते, हेही त्या निमित्ताने दिसले. देवाचे नाव बॉनेटवर आले की ते साबण आणि बॅटरीच्या रांगेत उभे राहते. मग लोक त्याच्याकडे त्याच दृष्टीने पाहू लागले, तर केवळ लोकांना दोष देता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २०१२ साली ब्लेक कोच या तरुण चालकाचा समावेश असलेली मतदारनोंदणीची एक जाहिरात ईएसपीएन वाहिनीने राजकीय आणि धार्मिक छटेचे कारण देऊन नाकारली. आपल्या श्रद्धेमुळेच आपण प्रायोजक गमावला, असे कोच यांचे म्हणणे होते. श्रद्धा प्रकट करण्याने बाजारात लाभ होतो तसा तोटाही होतो. खर्चवहीत तोट्याची रक्कम लिहावी लागली तरी जो आपले म्हणणे बदलत नाही, त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेणे विरोधकांनाही जड जाते.

प्रार्थनेचा रंगमंच

जुलै २०११ मध्ये नॅशव्हिल येथील शर्यतीपूर्वी जो नेल्म्स या पाद्रींनी केलेली प्रार्थना अमेरिकाभर गाजली. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या, टायर, इंधन, इतकेच नव्हे तर स्वतःच्या पत्नीचे सौंदर्य, या सर्वांबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले आणि शेवट वॉलट्रिप यांच्या प्रसिद्ध आरोळीने केला. प्रेक्षक हसले. पुष्कळांच्या मते नेहमीच्या ठरावीक शब्दांपेक्षा ती अधिक मनमोकळी होती; देवालाही विनोद कळत असेल, असे ते म्हणाले. इतरांना मात्र तो देवघरात केलेला पोरकटपणा वाटला. लक्षणीय गोष्ट अशी की या वेळी नाराज झालेल्यांत नास्तिकांपेक्षा आस्तिक कमी नव्हते.

एप्रिल २०१६ मध्ये टेक्सास येथील शर्यतीपूर्वी दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध व्यक्ती फिल रॉबर्टसन यांनी प्रार्थनेतच, येशूला मानणारा माणूस राष्ट्राध्यक्षपदी बसावा, अशी मागणी केली. ते निवडणुकीचे वर्ष होते. येथे विनोद नव्हता, पण प्रार्थनेचा रोख देवाकडून मतदाराकडे वळला होता. मान लववून उभ्या असलेल्या माणसाला मध्येच प्रचार ऐकवला, तर तो काय करणार? त्याला उत्तर देता येत नाही आणि उठून जाणे असभ्य ठरते. सामुदायिक प्रार्थनेत बोलणाऱ्यावर संयमाची जबाबदारी अधिक असते ती याचमुळे.

कोणाची श्रद्धा चालते?

या वादातील सर्वांत कठीण प्रश्न हा आहे. शर्यतीपूर्वीची प्रार्थना बहुधा ख्रिस्ती परिभाषेतच होते. अन्य धर्माचा चालक विजयानंतर आपल्या पद्धतीने नतमस्तक झाला, तर हाच प्रेक्षकवर्ग टाळ्या वाजवील काय?

अमेरिकन फुटबॉलमधील एक घटना येथे उपयोगी पडते. २०११ च्या हंगामात टिम टिबो हा ख्रिस्ती खेळाडू एक गुडघा टेकून प्रार्थना करी. देशभर मुले त्याची नक्कल करू लागली. २९ सप्टेंबर २०१४ रोजी कॅन्सस सिटीच्या संघातील हुसेन अब्दुल्ला या मुस्लिम खेळाडूने गुण मिळवल्यावर सजदा केला, तेव्हा पंचांनी त्याच्या संघाला पंधरा यार्डांचा दंड ठोठावला. दुसऱ्या दिवशी लीगने मान्य केले की हा दंड चुकीचा होता. चूक त्वरित मान्य झाली, ही चांगली गोष्ट. परंतु जे एकाच्या बाबतीत कौतुकाचे ठरले, ते दुसऱ्याच्या बाबतीत क्षणभर का होईना अपराध ठरले, हेही नोंदले गेले.

म्हणून काही क्रीडासंस्थांनी सरसकट बंदीचा मार्ग पत्करला आहे. ऑलिम्पिक सनदेचा पन्नासावा नियम स्पर्धास्थळी राजकीय, धार्मिक वा वांशिक प्रचारास मनाई करतो. फुटबॉलच्या नियमावलीतील चौथा नियम पोशाखावरील धार्मिक घोषवाक्यांना परवानगी देत नाही. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली, ब्रेमर्टन येथील शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने सामन्यानंतर मैदानावर केलेली प्रार्थना सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवली. विद्यार्थ्यांवर अप्रत्यक्ष दडपण येते, असे विरोधी मत नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींना वाटले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य खरे, आणि ऐकणाऱ्याचा संकोचही खरा. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात, हे ज्यांनी लहानपणापासून ऐकले आहे, त्यांना हा निकाल वाचताना घाईने एका बाजूस उभे राहणे जमणार नाही.

विजेत्याचे आभारप्रदर्शन

२० फेब्रुवारी २०११ रोजी ट्रेव्हर बेन याने डेटोना ५०० ही शर्यत जिंकली. आदल्याच दिवशी त्याला विसावे वर्ष पूर्ण झाले होते; आजवरचा तो सर्वांत तरुण विजेता. त्याने विजयाचे श्रेय देवाला दिले. १४ फेब्रुवारी २०२१ च्या त्याच शर्यतीत पावसामुळे खोळंबा होऊन निकाल लागला तो मध्यरात्रीनंतर. मायकेल मॅक्डॉवेल याने केवळ अखेरच्या फेरीत आघाडी घेऊन ती जिंकली. ३५८ शर्यतींतील हा त्याचा पहिला विजय. त्यानेही प्रथम देवाचे आभार मानले.

‘देवाला शर्यतीच्या निकालात काय रस असणार? मागच्या एकोणचाळीस जणांनी प्रार्थना केली नव्हती काय?’ हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु मॅक्डॉवेलचा पूर्वेतिहास पाहिला की आभारांचा अर्थ थोडा बदलतो. २००८ साली टेक्सास येथे पात्रता फेरीत त्याची गाडी भिंतीवर आदळून कितीतरी कोलांट्या खात गेली आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्यानंतरची कित्येक वर्षे त्याने अशा संघांत काढली, ज्यांना पैशाअभावी शर्यत सुरू करून काही फेऱ्यांतच गाडी बाजूला घ्यावी लागे. या साऱ्या काळात त्याची श्रद्धा मागील रांगेत बसूनही तशीच होती. ज्याने विजयाआधी तेरा वर्षे पराभवातही आभार मानले, त्याचे विजयानंतरचे आभार हा देवाशी केलेला सौदा वाटत नाही.

गिब्ज घराणे

या संपूर्ण वादाला ज्या घराण्याच्या इतिहासात सर्वांत खोल अर्थ येतो, ते म्हणजे जो गिब्ज यांचे. फुटबॉल प्रशिक्षक या नात्याने वॉशिंग्टनच्या संघाला तीन सुपर बोल जिंकून देणाऱ्या गिब्ज यांनी १९९२ साली शर्यतसंघ सुरू केला आणि १९९३ मध्येच डेटोना ५०० जिंकली. ही त्यांची कौटुंबिक पेढीच. थोरला मुलगा जे. डी. आणि धाकटा कॉय या दोघांनी तिची धुरा वाहिली. श्रद्धेची भाषा या पेढीच्या दर्शनी भागावर कायम राहिली.

जानेवारी २०१९ मध्ये जे. डी. दीर्घ आजाराने, वयाच्या ४९व्या वर्षी निवर्तले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या आवडत्या अकरा क्रमांकाच्या गाडीतून डेनी हॅमलिन याने डेटोना ५०० जिंकली आणि गिब्ज यांच्याच गाड्या पहिल्या तीन स्थानांवर आल्या. त्या दिवशी वृद्ध पित्याच्या श्रद्धेच्या उद्गारांवर कोणी वाद घातला असेल, असे वाटत नाही.

तीन वर्षांनी वाद पेटला तो नातवावरून. कॉय यांचा मुलगा टाय गिब्ज, वय वीस, दुय्यम मालिकेत आजोबांच्या संघातून धावत होता. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी मार्टिन्सव्हिल येथे अखेरच्या फेरीत त्याने स्वतःच्याच संघातील ब्रँडन जोन्स याच्या गाडीला धडक देऊन विजय मिळवला. अंतिम लढतीत प्रवेश मिळवण्यासाठी जोन्सला तो विजय आवश्यक होता. प्रेक्षकांनी टायचा धिक्कार केला. त्याविषयी विचारले असता, येशूचाही आधी द्वेषच झाला होता, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले.

या वाक्याने श्रद्धाळू चाहते जितके दुखावले, तितके धडकेने दुखावले नसतील. छळ सोसणाऱ्याने धर्माचा आधार घ्यावा हे समजते. धडक देणाऱ्याने तो घ्यावा हे त्यांना पटेना. मालकाचा नातू असल्यामुळे त्याला सारे क्षम्य आहे, अशीही टीका झाली. व्यापारी घराण्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. पेढीवरच्या तरुण वारसाने भागीदाराला धक्का देऊन नफा मिळवावा आणि वर घरातील देवाचे नाव सांगावे, यासारखेच ते होते. पुढील शर्यतीपूर्वी टायने जोन्सची आणि संघाची जाहीर क्षमा मागितली. क्षमापनेचे मोल जाणणाऱ्या समाजास हे सांगावयास नको की, वीस वर्षांच्या मुलाने कॅमेऱ्यांसमोर उच्चारलेले ते शब्द त्याच्या आधीच्या धर्मवचनापेक्षा धर्माच्या अधिक जवळ होते.

५ नोव्हेंबर रोजी फिनिक्स येथे टायने मालिकेचे विजेतेपद पटकावले. वडील कॉय तेथे उपस्थित होते. त्याच रात्री झोपेतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचेही वय ४९ होते. रविवारच्या शर्यतीतून टायने माघार घेतली. आदल्या आठवड्यात त्याचा धिक्कार करणारे हजारो लोक त्या दिवशी शर्यतीपूर्वी त्याच्या घरासाठी प्रार्थना करीत उभे होते. जो गिब्ज यांनी चार वर्षांच्या आत दोन्ही मुले गमावली. पेढी चालूच राहिली आणि त्यांच्या बोलण्यातून देवाचे नाव गेले नाही. येथे श्रद्धेकडे जाहिरात म्हणून पाहणे कोणालाच शक्य नव्हते.

सणाचा दिवस आणि धंद्याचा दिवस

ईस्टरच्या रविवारी शर्यत न ठेवण्याची नॅसकारची जुनी रीत होती. २०२२ साली ब्रिस्टल येथे ईस्टरच्याच संध्याकाळी शर्यत ठेवण्यात आली. दूरचित्रवाणीला त्या सायंकाळी घरोघरी एकत्र जमलेले कुटुंब हवे होते. सकाळी मैदानावर उपासनाही झाली. काहींनी म्हटले, सणाच्या दिवशी लाखो लोकांपर्यंत प्रार्थना पोहोचली, यात वाईट ते काय? इतरांचे म्हणणे, वर्षभर देवाचे नाव घेणाऱ्यांना एक दिवस गल्ला बंद ठेवता येऊ नये? २०२३ आणि २०२४ सालीही ईस्टरला शर्यत झाली. २०२५ मध्ये सुट्टी परत आली.

याच दक्षिणेत चिक-फिल-ए ही भोजनगृहांची साखळी १९४६ पासून दर रविवारी बंद असते. तिच्या संस्थापकाने तसा नियम घातला आणि धंदा कितीही वाढला तरी तो मोडला नाही. खेळातही अशी उदाहरणे आहेत. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एरिक लिडेल याने शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आल्यामुळे ती सोडून दिली आणि पुढे चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले. १९६५ साली बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील पहिला सामना यॉम किप्पूर या ज्यू पवित्र दिवशी आला, तेव्हा सँडी कूफॅक्स खेळला नाही. या दोघांनी काहीही उच्चारले नाही, अंगावर काही लिहिले नाही. ते फक्त अनुपस्थित राहिले. त्या अनुपस्थितीची आठवण मात्र लोक अजून काढतात.

वहीचे पहिले पान

आपल्याकडे दिवाळीच्या शारदापूजनाच्या वेळी अनेक जैन व्यापारी घरांत नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामी, शालिभद्र, अभयकुमार यांची नावे लिहिली जातात. ते पान गिऱ्हाईक पाहत नाही. पण त्याच वहीच्या पुढील पानांवर वर्षभराचे देणे-घेणे, वजनमाप, व्याज आणि कामगारांचा पगार उतरतो. पहिल्या पानाचा आणि पुढच्या पानांचा मेळ बसतो की नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि कालांतराने बाजारालाही कळते.

नॅसकारच्या चाहत्यांचा वाद ऐकताना हीच कसोटी पुन:पुन्हा आढळते. शेपर्ड, मॅक्डॉवेल किंवा वृद्ध गिब्ज यांच्या जाहीर श्रद्धेला बहुतेकांनी मान दिला, कारण त्यासाठी त्यांनी काही सोसलेले लोकांनी पाहिले होते. मतांसाठी झालेली प्रार्थना किंवा धडकेनंतर आलेले वचन लोकांना रुचले नाही, कारण तेथे देवाच्या नावाची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती. श्रद्धा बोलून दाखवावी की मनात ठेवावी, याबाबत दोन भल्या माणसांत मतभेद राहतील आणि राहावेत. परंतु ज्याने ती बोलून दाखवली, त्याच्या प्रत्येक वळणावर लोकांची नजर असणार, हे त्याने आधीच मान्य केलेले असते. पुढच्या फेब्रुवारीत डेटोनाच्या मैदानावर पुन्हा टोप्या उतरतील, पुन्हा प्रार्थना होईल आणि मग चाळीस गाड्या वळणाकडे निघतील. त्या माना खाली घालणाऱ्यांपैकी कोणी ती प्रार्थना किती मनापासून केली, हे पहिल्याच फेरीपासून दिसू लागेल.